भुयारांतील पांच सोबती

काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्या परीक्षणास वाहिलेल्या या पृष्ठांवर संगणकावरील एका खेळाची चर्चा पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल, हें आम्ही जाणून आहों. असल्या विषयावर लिहिणें म्हणजे देवघरांत पत्त्यांचा डाव मांडणें होय, असा आक्षेप आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं हा लेख लिहिला जाण्यापूर्वींच घेऊन ठेविला आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत देवांनीं ब्रह्मदेवापाशीं जी मागणी केली, ती डोळ्यांनीं पाहतां येईल आणि कानांनीं ऐकतां येईल अशा एका खेळण्याचीच होती. आणि आपल्या भाषेंतही नाटकाच्या प्रयोगास 'खेळ' म्हणण्याची रीत जुनी आहे. पाश्चात्त्यांकडे पाहिलें तर योहान हायझिंगा या डच पंडितानें १९३८ साली 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून संस्कृतीचें मूळच क्रीडावृत्तींत शोधिलें. तेव्हां खेळाचें परीक्षण करणें यांत गैर कांहीं नाहीं. तें मन लावून झालें म्हणजे पुरे.

ज्या प्रकाराविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याचें स्वरूप प्रथम सांगितलें पाहिजे. निरनिराळ्या गांवीं, कित्येकदां निरनिराळ्या देशांत बसलेले लोक संगणकाच्या द्वारें एका कल्पित जगांत एकत्र येतात. प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. मग चारपांच जणांची टोळी जमवून हे लोक राक्षसांनीं किंवा दरोडेखोरांनीं भरलेल्या एका बंदिस्त भुयारांत शिरतात. खेळाडूंच्या भाषेंत या भुयारास 'डंजन' असें नांव आहे. या प्रकाराचें मूळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनीं १९७४ साली अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांत सांपडतें. तो कागद, पेन्सिल आणि फांसे घेऊन टेबलाभोवतीं खेळावयाचा असे. पुढें १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या व रिचर्ड बार्टल यानें पुढें नेलेल्या 'मड' या खेळांत अनेक माणसें संगणकावर एकाच वेळीं एका जगांत वावरूं लागलीं. १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला आणि २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा शेवटचा खेळ वीस वर्षें उलटून गेलीं तरी चालूच आहे, आणि आमचें विवेचन मुख्यतः त्याच्याच आधारानें आहे.

भुयारांत शिरणारी टोळी येथें पांच जणांची असते व त्यांचीं कामें तीन प्रकारचीं. एकजण पुढें उभा राहून शत्रूंचे घाव आपल्या अंगावर घेतो. त्यास 'टँक' म्हणतात, आणि हा शब्द पाण्याच्या टांकीवरून नव्हे, तर रणगाड्यावरून आलेला आहे. आम्ही त्यास ढालकरी म्हणूं. दुसरा एकजण जखमी सोबत्यांस मंत्रबळानें बरें करीत राहतो. तो 'हीलर', म्हणजे वैद्य. उरलेले तिघे शत्रूस मारण्याचें काम करतात. त्यांस प्रहारी म्हणण्यास हरकत नाहीं. बाहेरून पाहणारास वाटतें कीं, खरा खेळ या तिघांचाच आहे आणि बाकीचे दोघे तोंडीं लावण्यापुरते आहेत. आम्हांसही आरंभीं तसेंच वाटलें होतें.

परंतु रचना जरा बारकाईनें पाहिली असतां तिच्यांतील खोंच ध्यानांत येते. शत्रूच्या मनांत जणूं एक हिशेबाची वही असते. त्या वहींत प्रत्येक खेळाडूच्या नांवावर रागाची रक्कम जमा होत जाते. शत्रूस मारलें कीं ती वाढते; जखमी सोबत्यास बरें केलें तरीही वाढते. ज्याच्या नांवावर रक्कम मोठी, त्याच्यावर शत्रू तुटून पडतो. म्हणून ढालकऱ्याचें कसब मारण्यांत नसून आपल्या नांवावरील राग सतत इतरांहून अधिक ठेवण्यांत आहे. एकाद्या प्रहाऱ्यानें उतावीळपणें लवकर आणि फार मारलें, तर शत्रू ढालकऱ्यास सोडून त्याच्याकडे वळतो. त्याच्या अंगावर जाड चिलखत नसतें. त्यास वांचविण्यासाठीं वैद्य आपली शक्ति भराभर खर्च करतो. त्यामुळें वैद्याच्या नांवावर राग वाढतो, आणि बघतां बघतां पांचही जण भुईसपाट होतात. पराक्रम म्हणून जें केलें, त्यानेंच घात झाला. शोकान्त नाटकाचा मर्मज्ञ या रचनेकडे दुर्लक्ष करूं शकणार नाहीं.

पूर्वमीमांसकांमध्यें शब्दार्थाविषयीं एक प्रसिद्ध वाद आहे. कुमारिलभट्टाच्या मतें प्रत्येक पद आपला अर्थ आधीं स्वतंत्रपणें सांगतें, आणि मग त्या अर्थांचा परस्परांशीं अन्वय लागून वाक्याचा अर्थ सिद्ध होतो. प्रभाकराच्या मतें पदाला अन्वयावांचून अर्थच नाहीं. तें बोलतें तेंच मुळीं दुसऱ्या पदांशीं जोडलेलें असें. भाषेच्या बाबतींत कोणाचा पक्ष खरा, याचा निर्णय आम्ही अधिकारी पुरुषांवर सोंपवितों. भुयारांत मात्र प्रभाकराचा जय निर्विवाद आहे. मांत्रिक हा शत्रूंपैकीं एकास कांहीं क्षण मेंढरूं बनवूं शकतो. तें मेंढरूं निरुपद्रवीपणें इकडेतिकडे फिरत राहतें. पण कोणाचा एक घाव लागला कीं पुन्हां शत्रू होऊन उठतें. म्हणजे मेंढरूं करण्याची करामत एकट्या मांत्रिकाची दिसली, तरी ती सिद्धीस नेतात बाकीचे चौघे, आणि तीही आपले हात आंवरून. तसेंच, वैद्याची मंत्रशक्ति संपली म्हणजे त्यास खालीं बसून पाणी प्यावें लागतें. त्या वेळीं ढालकऱ्यानें पुढचें दार उघडूं नये, असा नियम कोठेंही लिहिलेला नाहीं. ज्याला वैद्याचें काम समजलें आहे तो थांबतो, आणि ज्याला समजलेलें नाहीं तो पुढें धांवतो.

आपल्याकडील शाहिरी फडांत ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली गेली होती. शाहीर पोवाडा गातो आणि मागें उभे असलेले झीलकरी त्याचा शेवटचा सूर उचलून लांबवितात. श्रोत्यांस वाटतें कीं, ही झील केवळ शोभेसाठीं आहे. गाणारास ठाऊक असतें कीं, तेवढ्या अवधींत त्यानें श्वास घेतला.

हें सर्व आम्हांस पुस्तकांवरून कळलें असतें तर आम्हीं लेख लिहिला नसता. गेल्या नाताळच्या सुटींत आमची भाची पुण्याहून येथें टेंभुर्णीस आली होती. ती संगणकाच्या व्यवसायांत असून रात्रींचीं जेवणें झाल्यावर या खेळाची जुनी आवृत्ति, जी २०१९ साली मुद्दाम पुन्हां प्रसिद्ध करण्यांत आली, ती खेळत बसते. तिचें सोंग वैद्याचें. टोळी जमविण्यासच तिला अर्धा तास लागला. कोणी हवा, कोणी नको, कोणास वाट ठाऊक आहे, अशीं बोलणीं होऊन चार अनोळखी माणसें मिळालीं. मग तीं सर्व 'डेडमाइन्स' नांवाच्या भुयारांत शिरलीं. डोंगराच्या पोटांतील एका खाणींत दरोडेखोरांनीं तळ ठोकिला आहे, आणि तिच्या शेवटीं, भूमीखालच्या पाण्यावर, एक प्रचंड जहाज उभें आहे. देखावा खरोखर नाट्यपूर्ण आहे व आम्ही खुर्ची ओढून तो पाहत होतों. इतक्यांत आमच्या भगिनीचा फोन आला.

"मामा, आईचा फोन आहे. दोन मिनिटं तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. "लढाई बघूं नका. डावीकडे या हिरव्या पट्ट्या आहेत ना, तेवढ्याच बघा. कुणाची कमी झाली कीं हें बटण दाबा."

"अगं, पण लढाई बघायची नाहीं, तर बघायचं काय?"

"वैद्याला लढाई दिसत नसते, मामा," असें म्हणून ती बाहेर गेली.

आम्हीं अर्थातच लढाई पाहिली. ढालकरी तिघा दरोडेखोरांस एकटा तोंड देत होता, एक मांत्रिक अग्निगोल फेंकीत होता, आणि आमची दृष्टि त्या अग्निगोलांवरून हालेना. हिरवी पट्टी तांबडी झाली हें आमच्या ध्यानांत आलें, तेव्हां ढालकरी पडला होता. पाठोपाठ सर्वच पडले. या खेळांत मेलेल्यांस भूतरूपानें स्मशानांतून चालत आपल्या प्रेतापर्यंत परत यावें लागतें. तीं पांच भुतें मुकाट्यानें वाट चालत असतां आम्हांस जी लाज वाटली, ती वर्गांत चुकीचा अर्थ सांगितल्यावर वाटते तिच्याहून कमी नव्हती. भाची परत आली तेव्हां आम्ही म्हणालों, "आतां शिव्या येतील." परंतु त्या अनोळखी ढालकऱ्यानें इंग्रजींत एवढेंच लिहिलें कीं, वैद्य नवा दिसतो, आपणच थांबावयास हवें होतें, आधीं त्यास पाणी पिऊं द्यावें. तो कोण, कोणत्या देशाचा, हें कळण्यास मार्ग नव्हता. पण आमचें काम त्यास आमच्याहून अधिक समजलें होतें, यांत संशय नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या स्वतःच्या धंद्याविषयीं कांहीं विचार सुचले. तीस वर्षें नाटकें शिकविल्यानें, रंगभूमीवर जो मोठ्यानें बोलतो त्याच्याकडेच पाहण्याची संवय आम्हांस जडली आहे. होरेशिओ नसता तर हॅम्लेटची हकीगत सांगावयास कोणी उरलें नसतें, हें आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगतों, आणि परीक्षेंत प्रश्न मात्र हॅम्लेटवरच घालतों.

खेळांतही हाच दोष एका उपकरणाच्या रूपानें शिरला आहे. खेळाडूंनीं तयार केलेलीं कांहीं जोडसाधनें प्रत्येकानें किती घाव घातले, याचा आंकडा क्षणाक्षणास दाखवितात व त्याप्रमाणें नांवांची उतरंड लावतात. ढालकऱ्याचें नांव बहुधा खालीं असतें. बरें करण्याचाही आंकडा दाखविला जातो. पण टोळी शहाणी असेल तर जखमाच कमी होतात, आणि मग उत्तम वैद्याचा आंकडाही लहानच पडतो. ज्या प्रहाऱ्यानें मेंढरूं जपलें, ज्यानें शत्रूचा मंत्र अर्ध्यावर तोडला, त्याच्या त्या कृत्यास या उतरंडींत जागा नाहीं. जो अनर्थ टळला त्याची नोंद करील, अशी वही अद्यापि निघावयाची आहे.

असली वही आमच्या गांवींही नाहीं. टेंभुर्णी पुणें-सोलापूर रस्त्यावर वसलेली आहे; उजनीच्या पाण्यानें या बाजूस ऊस वाढला, आणि उसामागून तोडकरी आले. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षीं गाळपाच्या हंगामांत हीं कुटुंबें येतात व शेताच्या कडेला पालें ठोकून राहतात. उसाच्या शेतासही आपण फडच म्हणतों. मुकादमाच्या बोलींत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवराबायकोची जोडी. पुरुष ऊस तोडतो. बाईही कित्येकदां तोडते, आणि शिवाय मोळी बांधते, ती डोक्यावर घेते व वाहनापर्यंत नेऊन चढविते. त्याआधीं पहांटे उठून भाकरी थापलेल्या असतात त्या वेगळ्याच. कारखान्याच्या काट्यावर वजन होतें तें टनांत, आणि त्या टनांत कोणाचा हात किती यास रकाना नाहीं. आगाऊ उचल बहुधा पुरुषाच्या हातीं पडते. जोडींतील एकाचा खाडा झाला तर भुर्दंड मात्र सबंध कोयत्यावर बसतो. आम्ही या रस्त्यानें कित्येक वर्षें जातयेत आहों. 'तोडकरी' हा शब्द उच्चारतांना आमच्या डोळ्यांपुढें कोयता उगारलेला पुरुषच उभा राहत असे, हें कबूल केलें पाहिजे. भाचीच्या त्या वाक्यानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं फिरावयास गेलों, तेव्हां प्रथमच आमची दृष्टि मोळी बांधणाऱ्या हातांवर ठरली.

येथें एक आक्षेप येण्याचा संभव आहे, आणि तो लहान नाहीं. प्रत्येकाचें काम ठरवून देणारी ही रचना म्हणजे आपल्या जुन्या वर्णव्यवस्थेचीच नवी आवृत्ति नव्हे काय? ढालकऱ्यानें मार खावा, वैद्यानें सेवा करावी आणि प्रहाऱ्यानें कीर्ति मिळवावी, ही वांटणी न्याय्य कशावरून? 'गिल्ड वॉर्स २' या खेळाच्या कर्त्यांनीं २०१२ साली ही त्रिविध वांटणी मोडून पाहिली. प्रत्येकानें स्वतःस बरें करावें व प्रत्येकानें मारावें, असा त्यांचा बेत होता. हेतु उदार होता. परंतु एकमेकांची गरजच उरली नाहीं, त्यामुळें एकमेकांकडे पाहण्याचेंही कारण उरलें नाहीं, आणि भुयारांतील लढाया गर्दींतील धक्काबुक्कीसारख्या झाल्या, अशी तक्रार पुष्कळ खेळाडूंनीं केली. पुढें २०१५ सालच्या विस्तारांत त्या कर्त्यांनींच सोबत्यांस बरें करण्यास वाहिलेली भूमिका पुन्हां आणिली.

तेव्हां दोष वांटणींत नाहीं. वांटणी बदलतां न येण्यांत आहे. भुयारांत आज प्रहारी असलेला उद्यां वैद्य होऊं शकतो. कोणाच्या जन्मानें त्याचें सोंग ठरत नाहीं. आमच्या भाचीच्या सांगण्याप्रमाणें उत्तम ढालकरी बहुधा तोच होतो, ज्यानें कांहीं महिने वैद्यकी केलेली असते. हिरवी पट्टी घसरतांना छातींत काय होतें, हें त्यास ठाऊक असतें. दुसऱ्याची भूमिका समजणें याचा अर्थ तिचीं लक्षणें पाठ करणें असा नसून, त्या जागेवरून संकट कसें दिसतें हें जाणणें असा आहे. आणि जागा बदलून पाहण्याची सोय ही या कलाप्रकाराची आमच्या मतें सर्वांत मोठी देणगी होय. उसाच्या फडांत ती सोय नाहीं. तेथील पुरुष उद्यां मोळी वाहील, पण काटा, उचल आणि चूल यांची वांटणी एका रात्रींत बदलणार नाहीं. खेळानें जग सुधारतें असें आम्ही म्हणत नाहीं. खेळानें नजर बदलूं शकते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

ज्या खेळानें ही देणगी दिली, त्यानेंच ती पुढें बरीचशी वाया घालविली, हेंही सांगितलें पाहिजे. २००९ सालच्या अखेरीस 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें टोळी आपोआप जमविणारी योजना आली. एक बटण दाबावें, आपली भूमिका सांगावी, आणि यंत्रानें चार सोबती आणून उभे करावेत. वेळ वांचला, हें खरें. संसारी माणसांस रात्रीं तासभरच मिळतो, त्यांस ही सोय हवीच होती. पण बोलणींचालणीं करून मिळालेला सोबती आणि यंत्रानें वाढलेला सोबती यांत अंतर आहे. न पटल्यास त्यास काढून दुसरा मागवितां येतो. मग त्यास समजून घेण्याचे श्रम कोणी करावे? थोड्याच काळांत ढालकरी आणि वैद्य यांची इतकी टंचाई भासूं लागली कीं, ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणारास जादा बक्षीस देण्याची व्यवस्था २०११ साली करावी लागली. जेथें आभार मिळत नाहींत तेथें मोबदला वाढवावा लागतो, हा अनुभव खेळापुरताच आहे असें नाहीं.

याच्या तुलनेंत 'फायनल फँटसी १४' या जपानी खेळांतील एक लहानशी रीत आम्हांस फार आवडली. तेथें टोळी चौघांची असते; एक ढालकरी, एक वैद्य व दोन प्रहारी. टोळी तेथेंही यंत्रच जमवितें. परंतु भुयार संपल्यावर प्रत्येकास, अनोळखी सोबत्यांपैकीं एकाचें नांव निवडून त्याची प्रशंसा नोंदवितां येते. येथें आंकडा कामास येत नाहीं. कोणी काय केलें हें आपण पाहिलें होतें काय, हा प्रश्न ज्याचा त्यानें स्वतःस विचारावयाचा असतो.

सारांश, हा प्रकार वाङ्मय नव्हे, आणि त्यास वाङ्मयाच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा आग्रहही नाहीं. त्यांतील कथा बहुधा सामान्य असतात, संवाद त्याहून सामान्य. परंतु पात्रांचे परस्परसंबंध कृतींतून उभे करण्यांत तो कित्येक नाटकांहून सरस ठरतो. घरांतील मुलें रात्रीं असें कांहीं खेळतांना दिसलीं, तर वेळ वाया जातो म्हणून रागावण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एकदां शेजारीं बसून विचारावें कीं, तुझें काम कोणतें आणि बाकीच्यांचीं कोणतीं. मूल पहिल्या प्रश्नाचें उत्तर चटकन देईल. दुसऱ्याचें उत्तर जर तें तितक्याच आपुलकीनें देऊं शकलें, तर तो तास फुकट गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.

भाची सुटी संपवून परत गेली. येत्या परीक्षेंत एक प्रश्न होरेशिओवर घालण्याचें आम्हीं ठरविलें आहे.